करंड्या परत येतील!

१२ मार्च

काका हो म्हणाले! चारुदत्तकाका, जे नवा स्टेपलर घ्यायचा तरी आठवडाभर विचार करतात, ते हो म्हणाले! मी ऑफिसातून बाहेर पडले आणि गोदामाच्या मागे जाऊन एकटीच नाचले. महिपतने बघितलं. टेम्पो धूत होता, पाईप हातात तसाच. म्हणाला, "काय ताई, लगीन ठरलं काय?" म्हटलं, त्याहून मोठं!

नीट लिहून ठेवते. काकांची कंपनी रत्नागिरीहून मुंबई-पुण्याच्या घरांना थेट हापूस पाठवते. पुठ्ठ्याचा खोका, प्रत्येक आंब्याला फोमची जाळी, वरून प्लास्टिकची पट्टी. आंबा आठवड्यात संपतो आणि तो फोम पुढच्या सात पिढ्यांना पुरतो. पुण्यात नोकरीला होते तेव्हा मी असलेच खोके आखायचे. तेव्हापासून डोक्यात हा किडा आहे.

तर यंदा आंबा जाणार बांबूच्या करंडीतून. खाली-वर भाताचा पेंढा, झाकण सुतळीने बांधलेलं. पूर्वी असाच जायचा, त्यात माझं डोकं काहीच नाही. माझं डोकं पुढे आहे. करंडी परत यायची! महिपतचा टेम्पो भरून जातो आणि येताना रिकामा खडखडत येतो. लोकांनी आंबे खावेत, ज्या दुकानातून करंडी उचलली तिथेच ती आणून ठेवावी, महिपत पुढच्या फेरीत घेऊन येईल, आपण धुऊन उन्हात वाळवून पुन्हा भरू. कचरा शून्य, झाडतोड शून्य, वाहतुकीचा जादा धूर शून्य.

काकांना मी "शाश्वत पुरवठा साखळी" असं म्हणून दाखवलं. काका म्हणाले, "मृणाली, साखळी म्हण नाहीतर दावं म्हण. आठशे करंड्या करू. मिरगाच्या आत, पाऊस लागायच्या आधी, निम्म्या परत आल्या, तर पुढच्या वर्षी सगळा माल करंडीत. नाही आल्या, तर पुठ्ठा. आणि मग हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

निम्म्या? सगळ्या येतील!

१५ मार्च

आज नम्रताच्या वाडीत गेले होते, राजापूरच्या वाटेवर आत. तिने सहा बायका जमवल्यात, करंड्या त्या आणि ती मिळून विणणार. नम्रताचे वडील सुपं-टोपल्या करायचे, त्यांची कोयती तिच्याकडे आहे. मूठ झिजून तिच्या हाताच्या मापाची झालीय. बांबूवर एक घाव घालते आणि तो असा सरळ उकलत जातो की बघत राहावं. मी मागितली तर देईना. "ताई, ही दुसऱ्याच्या हाताला चावते," म्हणाली आणि हसली.

तिचा नवरा स्वरूप मुंबईत कामाला आहे. नालासोपाऱ्याला खोली घेतलीय, म्हणतो जूनपासून लेकीची, सानवीची, शाळा तिकडेच, तुम्ही दोघी या. माणूस वाईट नाही, एकटा कंटाळलाय. पण नम्रताला जायचं नाही. "मी सांगितलंय त्यांना, हितं वरीसभराचं काम आसंल तर मी नाय येनार. ते म्हनाले, मंग काम दाखव." पुढच्या वर्षी सगळा माल करंडीतून गेला तर सहा महिने आधीपासून विणायला बसावं लागेल, मग मोसमात धुणं, डागडुजी, म्हणजे वर्षभराचं कामच! मी म्हटलं, नम्रता, तू बॅग भरायचीच नाहीस. माझा शब्द.

मी बायकांसाठी डबाभर चिवडा नेला होता. डबा परत देताना तिने त्यात ओले काजूगर घातले. सोलताना बोटं काळी झाली असणार बिचारीची. संध्याकाळी उसळ केली, थोडी खाली आनंदीबाईंना दिली. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, आणि कालच त्यांचा कुयरीच्या, कोवळ्या फणसाच्या, भाजीचा डबा वर आला होता, म्हणजे त्यांच्याच डब्यातून उसळ गेली. हिशेब चुकता.

पाडवा

पहिला टेम्पो गेला! गोदामात पेंढ्याचा वास, करंड्यांच्या रांगा, काकांनी टेम्पोला हार घातला, आणि मला चक्क रडू आलं. प्रत्येक करंडीला मी एक चिठ्ठी बांधलीय, जाड अक्षरात छापलेली: "ही करंडी आपली नाही, निसर्गाची आहे. आंबे संपल्यावर कृपया रिकामी परत करा."

महिपत चिठ्ठी वाचून म्हणाला, "रिकामी?" म्हटलं, मग काय सोनं भरून? निघ आता, उन्हं चढतायत.

३ एप्रिल

लिहायला वेळ नाही. नुसते आंबे, आंबे! दुसरा टेम्पो गेला. नम्रताच्या बायकांचा हात बसलाय आता. पहिल्या दिवशीची एक करंडी तिने स्वतःकडे ठेवून घेतलीय, झाकण तिरकं झालंय म्हणून. म्हणते, "ही गिऱ्हाइकाला नको, ही माझी." एका गिऱ्हाइकाने करंडीचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "आजोबांची आठवण झाली." मी तो फोटो काकांना तीनदा दाखवला.

८ एप्रिल

महिपत आला. करंड्या किती? दोन्ही हातांच्या बोटांवर मोजल्या.

ठीक आहे. लोकांचे आंबे अजून पिकत असतील. आढीत घातले असतील. घाई कसली?

१७ एप्रिल

थोड्या आल्या. पण गंमत बघ, आल्या त्या एक सोडून सगळ्या ऑफिसांच्या! बँकेची शाखा, वकिलांचं ऑफिस, एका शाळेची स्टाफरूम. घरांतून एकच. यावरून काय कळलं? ऑफिसात शिस्त असते, घरात नसते! करंडीत कपडे कोंबले असतील, नाहीतर कांदे.

नवीन चिठ्ठी छापून घेतली. लाल अक्षरात. "करंडी रिकामीच परत करावी. आत कोणतीही वस्तू ठेवू नये." हे दुसरं वाक्य कारण काल गिरगावातून एक करंडी आली, घरातून आलेली पहिली! आत खडीसाखरेची पुडी राहिलेली. मी त्या बाईंना फोन करून सांगितलं की बाई, तुमची पुडी राहिलीय, पुढच्या वेळी नीट बघत जा. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. विचित्रच लोक असतात. पुडी महिपतने खाल्ली.

आनंदीबाईंनी आज सांदणं पाठवली. त्यांचे दोन डबे झाले माझ्याकडे.

२८ एप्रिल

आज दिवसभर फोन. यादी घेऊन बसले आणि एकेका घराला धरलं.

परळच्या सोनूबाई, मूळ इकडच्याच, मुलगा आंबे मागवतो. म्हणाल्या, "बाय, तुजी करंडी मी काय खानार हाय? देतंय. जरा गुडघा उतरूं दे, मंग रव्याचं लाडू वळतंय नि देतंय." लाडवांचा आणि करंडीचा काय संबंध? वय झालं की बोलणं असं भरकटतं.

कोथरूडची निशिगंधा, माझ्याच वयाची असेल. "अहो, सासूबाई देऊ देत नाहीयेत. म्हणतात, थांब, अशी कशी द्यायची. आणि खरं सांगू, मलाही अवघडल्यासारखं होतं." मी म्हटलं, अवघड काय त्यात, दुकान तुमच्या कोपऱ्यावर आहे! ती म्हणाली, "हो, ते आहेच." बस्स.

ठाण्याचे एक गृहस्थ: "मिसेस माहेरी गेलीय, ती आली की करेल काहीतरी." काहीतरी काय करायचं? उचलायची आणि ठेवायची!

सगळे गोड बोलतात. कोणी नाही म्हणत नाही. एवढा संताप येतो ना! नाही म्हणा, भांडा, निदान कळेल तरी.

६ मे

काकांनी आज विचारलं, "काय गं, फिरली का साखळी?" मी म्हटलं, फिरतेय. ते म्हणाले, "कुठल्या दिशेने?" आणि पेपर वाचायला लागले.

मी काय काय केलं नाही! चिठ्ठ्या, मेसेज, सोडत जाहीर केली की करंडी परत करणाऱ्यांतून एकाला पायरीच्या रसाचा मोठा डबा फुकट. काल रात्री वाटलं, काका म्हणतात तेच खरं असेल. खोका फेकता येतो, म्हणूनच लोकांना आवडतो. मी पुण्यात सहा वर्षं शिकले ते माणसांबद्दल नव्हतंच, पुठ्ठ्याबद्दल होतं.

हे लिहिलं आणि पुन्हा उत्साह आला, काय करू, स्वभावच तसा! उद्या स्वतः महिपतबरोबर मुंबईला जाते. दारात उभी राहून मागते.

९ मे

गेले होते. डोंबिवलीच्या दुकानदाराने कपाळाला हात लावला. "मॅडम, रोज लोक येऊन सांगून जातात, करंडी आहे बरं का, आणतो. आणत मात्र कोणी नाही." तिसऱ्या घरात मी घुसलेच. आमची करंडी पुसूनबिसून हॉलमध्ये, कोपऱ्यातल्या स्टुलावर! कपडे नाहीत, कांदे नाहीत. त्या बाईंनी मला चहा दिला, पोहे दिले, आणि करंडी मागितल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांना चोरी करताना पकडलं. "अहो, आज नको ना. आज घरात काहीच नाही." मी म्हटलं, मला काही नको, मला फक्त करंडी हवी! त्यांनी ती दिली, पण दारापर्यंत सोडायलासुद्धा आल्या नाहीत.

येताना टेम्पोत महिपत म्हणाला, "ताई, तुम्ही त्या बाईंना हलकं केलंत." मी? मी काय केलं? मी त्याला म्हटलं, तू समोर बघून गाडी चालव. त्याने गाणी मोठ्याने लावली. थेट चिपळूणपर्यंत.

१९ मे

निम्म्या सोडाच, आठवा हिस्सासुद्धा नाही. मोसम उतरणीला लागला.

नम्रताला खोटी आशा लावून ठेवणं बरं नव्हे. फोन केला. म्हटलं, नम्रता, होईलसं दिसत नाही. ती म्हणाली, "बरं झालं ताई, आधी सांगितलंत. शाळेचं बघाया हवं." मला वाटलं होतं ती रडेल किंवा चिडेल. ती मलाच समजावत बसली की पुढच्या वर्षी नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी. फोन ठेवल्यावर मी रडले. शब्द दिला होता मी.

आनंदीबाईंचे चार डबे झाले ओट्यावर. काल जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "मृणाली, डबे सापडतायत ना गं? माझे सगळे वर आलेत, लोणच्याला एक हवा होता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देते हो, उद्याच देते म्हटलं. पण करू कधी काही? दिवसभर गोदामात, आल्यावर अंगात त्राण नाही. नुसते डबे हातात कसे नेऊन ठेवायचे?

२३ मे

आज नम्रता गेली.

आणि आज मला कळलं! थांब, क्रमाने लिहिते.

सकाळी वाडीत गेले निरोप द्यायला. स्वरूप न्यायला आलेला. सामान बांधून झालेलं, भांडी गोणपाटात, चूल थंड. सानवी अंगणात रुसून बसलेली. कोयती नम्रताने जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या त्या तिरक्या झाकणाच्या करंडीत ठेवली होती. स्वरूप म्हणाला, "अगो, नालासोपाऱ्यात बांबू हाय काय? ती क्याला?" ती म्हणाली, "आसूं दे."

मी निघताना तिला आठवण झाली, माझा चिवड्याचा डबा तिच्याकडे होता, मागच्या खेपेचा. म्हटलं राहू दे गं. नाहीच. धावत आत गेली. गोणपाट सोडलं, एक डबा काढला, त्यात बघितलं, दुसरा काढला, त्यात बघितलं. स्वरूप ओरडला, "यष्टी जाईल!" तिने साखरेचा डबा उपडा केला, तळाला चिकटलेली साखर नखाने खरवडली, चिमूटभर झाली असेल, ती माझ्या डब्यात टाकली आणि झाकण लावून माझ्या हातात दिला.

"एवढीच हाय ताई. पन रिकामा कसा देऊ?"

मी "हो गं" म्हटलं आणि गाडीत बसले. डबा मांडीवर. वळणावर आले आणि गाडी थांबवली. मागून हॉर्न वाजायला लागले.

रिकामा कसा देऊ!

सोनूबाईंचे लाडू! निशिगंधाच्या सासूबाई! "आज घरात काहीच नाही!" ती खडीसाखरेची पुडी, अगं आई गं, ती राहिलेली नव्हतीच, ती घातलेली होती, आणि मी त्या बाईंना फोन करून झापलं! ऑफिसांतून येतात कारण ऑफिसाला स्वयंपाकघर नसतं! मी आठशे घरांना लाल अक्षरात लिहून पाठवलं की आमचं भांडं आम्हाला रिकामं परत करा. आपल्याकडे असं कोणी करतं का? मी तरी करते का? माझ्या ओट्यावर चार डबे पडलेत!

घरी येऊन पहिलं ते चार डबे उचलले. काही केलं नाही, वेळच नव्हता, बागेतले दोन-दोन चाफे प्रत्येकात ठेवले आणि आनंदीबाईंना नेऊन दिले. त्या म्हणाल्या, "हे काय गं, फुलं?" मी त्यांना मिठी मारली. त्या घाबरल्या.

२४ मे

रिकामी नाही, तर काय भरून? लाडू नकोत, सगळ्यांना कुठे वेळ. घरात आहेच असं काहीतरी, द्यायला लाज वाटणार नाही असं. सकाळी दात घासताना सुचलं. कोयी!

काकांच्या रोपवाटिकेत मिरगानंतर कोय कलमं बांधतात. रुजलेल्या कोयीला हापूसची काडी. दर वर्षी त्यासाठी पोत्यांनी कोयी विकत आणतात! आणि इकडे आठशे घरं आमच्याच आंब्यांच्या कोयी कचऱ्यात टाकतात!

काकांना पळत जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "कलमाला रायवळाची, गावठी आंब्याची, कोय लागते. हापूसची तेवढी जोमदार नसते." मी म्हटलं, काका, निम्म्या रुजल्या तरी? त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "मिरगापर्यंत, असं आपलं ठरलंय. अजून मिरग लागलेला नाही." म्हणजे हो!

मेसेज सगळ्यांना गेला: "कृपया करंडी रिकामी पाठवू नका. खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी धुऊन, सावलीत सुकवून, भरून पाठवा. त्यांची कलमं होतील. आणि आधीच्या चिठ्ठ्यांबद्दल मनापासून माफ करा." शेवटचं वाक्य टाकू की नको यावर बराच विचार केला. टाकलं. गिरगावच्या बाईंना मात्र फोनच केला. त्या हसल्या हो! म्हणाल्या, "मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं, ही मुलगी इकडची नसणार."

३० मे

महिपतचा फोन पनवेलहून. "ताई, टेम्पोत जागा नाय!" मी म्हटलं, काय झालं, काय भरलंस? "करंड्या! वरपर्यंत! दादरच्या दुकानदाराने तर रस्त्यावर रचून ठेवल्यात, पोलीस येऊन विचारून गेला!"

संध्याकाळी टेम्पो आला आणि अख्खं गोदाम बाहेर आलं. सुतळ्या सोडल्या. कोयी, कोयी, कोयी! पण नुसत्या कोयी कुठे? वर रव्याचे लाडू, लोणच्याची बरणी, नारळाच्या वड्या, एकीत लहान बाळाची झबली, "तुमच्याकडे कुणाला लागली तर." सोनूबाईंना फोन केला, म्हटलं, आजी, कोयी पुरे होत्या की हो! त्या म्हणाल्या, "कोयी तर तुमच्याच. त्या परत केल्या, त्यात मी काय दिलं?"

काका एक लाडू उचलून खात होते. म्हणाले, "रवा जरा जास्त भाजलाय." आणि दुसरा उचलला.

नम्रताला तीनदा फोन लावला. लागत नाही.

३ जून

दुसरी फेरी. पुण्याच्याही आल्या. मोजणी चाललीय, पण मला आकडा सांगू नका म्हटलंय महिपतला, दृष्ट लागेल. कोयी ओल्या पोत्यांवर पसरल्यात, सगळ्या मांडवात आंबूस वास.

स्वरूपने फोन घेतला एकदाचा. मी घडाघडा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, काम खरंच वरीसभराचं हाय?" म्हटलं, काका दोन-तीन दिवसांत सांगतील. "शाळेत नाव घातलंय पोरीचं. बघू." बघू म्हणजे काय? मागून कुकरची शिट्टी आणि सानवीचा आवाज आला, काय बोलली ते कळलं नाही. नम्रता फोनवर आलीच नाही. माझ्यावर रागावली असेल. मीच सांगितलं ना तिला, होणार नाही म्हणून. आठवडाभर थांबले असते तर!

६ जून

उद्या-परवा मिरग. शेवटचा टेम्पो आज आला.

काकांनी स्वतः मोजलं. दोनदा. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "निम्म्याहून बऱ्याच जास्त आहेत. बायकांना सांग, गणपतीनंतर विणायला बसायचं. सगळा माल करंडीत." आणि लगेच, "त्या चिठ्ठीचा मजकूर पुढच्या वर्षी मला दाखवून छापायचा." महिपतने शिट्टी मारली. सगळे ओरडले. मी पण ओरडले, पण माझं लक्ष नव्हतं. बायकांना सांग म्हणे. सहा जणींना सांगीन. सातवीला काय सांगू?

तेवढ्यात करंड्यांच्या ढिगात मला एक झाकण दिसलं. तिरकं.

महिपत म्हणाला, "ही नालासोपाऱ्याच्या स्वरूपभावोजींनी वसईच्या दुकानात आनून दिलीन. म्हनाले, ताईच्याच हातात द्या." तिची पहिली करंडी, तीही परत केली. म्हणजे संपलं सगळं. मी ती उचलून गोदामाच्या मागे नेली, म्हटलं कोणी बघायला नको. सुतळी सुटेना. दाताने तोडली.

आत कोयी नव्हत्या. जुनं लुगडं होतं, नीट गुंडाळलेलं, जड. मी ते उलगडलं.

कोयती.

मी तशीच खाली बसले. मग फोन वाजला. नम्रता! "ताई, पोचली काय? येताना यष्टीत कंडक्टरनं कोयतीवरनं कटकट केलीन, म्हनून पुढं पाठवली. हे म्हनाले, येवढ्या करंड्या परत आल्या म्हंजे काम हायच, जा, मी म्हैन्या-दोन म्हैन्यानी येत जाईन. सानवी तर परवापासून पिशवी भरून दारात बसलीय. आमी सोमवारी सकाळी उतरतांव. तिला धार लावून ठेवा, आनि सांभाळून हां, चावते ती!"

मी फोन कानाला धरून हसत-रडत राहिले. ती हॅलो हॅलो करत राहिली. महिपत मागून डोकावला, माझ्या मांडीवर कोयती आणि डोळ्यांत पाणी बघून जरा मागे सरकला, म्हणाला, "ताई, सगळं ठीक हाय ना?" म्हटलं, ठीक? अरे, त्याहून मोठं!

उद्या सकाळी लोहाराकडे जाऊन धार लावून आणायची. मग वाडीत जाऊन तिचं घर झाडून घ्यायचं, किल्ली शेजारी आहेच. सानवीची शाळा, मास्तरांना फोन. आणि जाताना बाजारातून साखर घ्यायची, दोन किलो. तिचा डबा रिकामा आहे.